दोन कामांचे विमान आणि दाबोळीच्या घारी

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार. प्रशिक्षणाचे जेट विमान वेळप्रसंगी हलक्या लढाईलाही वापरता येते, याचे कौतुक करणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. विशाखापट्टणमच्या 'डेगा' तळावर २०१३ पासून असलेल्या नौदलाच्या 'हॉक' या प्रशिक्षण विमानांपैकी काही गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरील नौदलाच्या तळावर आणावीत, ही आपली सूचनाही वाचली. शीतयुद्धाच्या काळात ब्रिटनने आपल्या प्रशिक्षणाच्या 'हॉक'ना विमानातून विमानावर डागायची 'साइडवाइंडर' क्षेपणास्त्रे लावून हवाई संरक्षणासाठी सज्ज ठेवले होते. तेव्हा कल्पना नवी नाही आणि वाईट तर मुळीच नाही. मात्र ही विमाने जिथून उडायची त्या जागेविषयी अग्रलेखात एक ओळही नव्हती. आपले कार्यालय पणजीत आहे, हे त्याचे कारण असावे.

१६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेले नौदलाचे 'मिग-२९ केयूबी' हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या धडकेनंतर जवळच्या वेर्णा गावाच्या बाजूला कोसळले. एका इंजिनाला आग लागली, दुसरे बंद पडले, आणि वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवून मगच स्वतःची सुटका करून घेतली. सांकवाळच्या आमच्या गच्चीवरून तो धूर आम्ही पाहिला आहे. दोन इंजिने असताना ही गत झाली. 'हॉक'ला तर एकच इंजिन असते. त्यात शिकाऊ वैमानिक म्हटला की उड्डाण आणि उतरणे यांचा सराव पुन्हा पुन्हा होणार, म्हणजे कमी उंचीवर, नेमका पक्ष्यांच्या वाटेत.

विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा उघड्यावर टाकण्यास विमानविषयक नियमांत मनाई आहे. याच परिघातल्या आमच्या सांकवाळच्या रस्त्याच्या वळणावर मात्र मासळीची आणि कोंबड्यांची घाण राजरोस पडते आणि तिच्यावर दिवसभर घारी घिरट्या घालतात. याची लेखी तक्रार घेऊन गेलो असता, घारींचा विषय आमच्याकडे येत नाही, असे संबंधित कार्यालयातील कारकुनाने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितले. विमान एक काम करो वा दोन, ते या घारींमधूनच जाणार आहे. अग्रलेखासाठी हा विषय आपल्याला फार क्षुल्लक वाटत असल्यास निदान एखादा वार्ताहर तरी आमच्या वळणावर पाठवावा.

ता. क. : याच कचऱ्याविषयीचे माझे मागचे पत्र जागेअभावी छापता आले नाही, असे आपल्या कार्यालयातून कळले होते. त्या आठवड्यात राशिभविष्याला मात्र अर्धे पान मिळाले होते.

आपला,
एक जुना वाचक, सांकवाळ