शिक्षणमंत्री महोदय, नकार निदान लेखी द्यायला लावा

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला नर्सरीतून काढलं. त्याला डाउन सिंड्रोम आहे, हे प्रवेश घेतानाच फाइल दाखवून सांगितलं होतं. "आमच्याकडे सगळी मुलं सारखीच," असं म्हणत बाईंनी वर्षाची फी घेतली. अकराव्या दिवशी फोन आला, "बाकीचे पालक कुरकुर करतायत, तुम्ही स्पेशल स्कूल बघा." लेखी द्या म्हटलं, तर फोन ठेवून दिला.

मी पोहोचले तेव्हा तो दाराबाहेर चपलांच्या रॅकपाशी दप्तर पाठीला लावून बसला होता. आत मुलं डबे खात होती. त्याचा डबा तसाच भरलेला.

त्या अकरा दिवसांत तो बुटाचा पट्टा लावायला शिकला होता, शेजारच्या मुलीचं बघून. थेरपीत चार महिने घालवूनही ते जमलं नव्हतं. म्हणूनच मला तो इतर मुलांत हवा आहे. याआधी पाच नर्सऱ्यांनी परत पाठवलं. एकीने सांगितलं, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारी बाई, तुम्हीच आणा, पगारही तुम्हीच द्या. मी नोकरी सोडली, आता पगार कुठून देऊ?

तक्रारीला गेले तर एका कार्यालयात "नर्सरी आमच्याकडे येत नाही", दुसरीकडे "आम्ही फक्त अंगणवाड्या बघतो". शिक्षण हक्क कायदा 6 वर्षांपासून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मोफत शिक्षणही 6 ते 18. त्यातलं सर्वसमावेशक शिक्षणाचं कलम 16 अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांना लागू, आणि खासगी नर्सरीला शाळेसारखी मान्यता घ्यावीच लागत नाही. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण मात्र पायाभूत शिक्षण तिसऱ्या वर्षापासून धरतं. मग मधल्या तीन वर्षांत माझं मूल कुणाचं? वडापावच्या गाडीलाही नोंदणी लागते हो!

याच राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर अंगणात बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली. मूल येत नव्हतं, तर त्या त्याच्याकडे गेल्या. माझा मुलगा तर स्वतःच्या पायांनी आत गेला होता.

खासगी नर्सऱ्या कायद्याखाली आणा. दिव्यांग मुलाला नाकारलं तर कारण सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला लावा. सहा नकार मिळाले, त्यातला एकही कागदावर नाही. माझ्याजवळ आहे ती फक्त फीची पावती.

एक आई, नाशिक