शीर पाहिली, पण रुग्ण श्वास कसा घेत होता?

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील शिरांच्या सोनोग्राफीवरचा लेख वाचला. विषय सामान्य वाचकांपर्यंत नेलात, हे चांगलेच केलेत. पण पोटावर प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) टेकवला की शरीरात पाणी किती कमी आहे ते कळते, असा समज त्यातून होतो. अतिदक्षता विभागात हे यंत्र रोज हाताळणारा म्हणून सांगतो, प्रकरण इतके सरळ नाही.

छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली प्रोब धरला की यकृतामागून हृदयाकडे जाणारी अधोमहाशिरा दिसते. आम्ही तिला आयव्हीसी म्हणतो. तिची भिंत पातळ असते. आपण श्वास आत घेतो तेव्हा ती आक्रसते, सोडतो तेव्हा पुन्हा भरते. उजव्या कर्णिकेपासून, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापासून, साधारण 2 सेंटीमीटर अलीकडे तिचा मोठ्यात मोठा आणि लहानात लहान व्यास मोजायचा आणि फरकाला मोठ्या व्यासाने भागायचे. 2 सेंटीमीटरची शीर 0.8 वर आली, तर आक्रसणे 60 टक्के. व्यास 2.1 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असेल आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावर शीर निम्म्याहून अधिक मिटत असेल, तर कर्णिकेतला दाब कमी आहे, असे प्रचलित निकष सांगतात. म्हणजे अंदाज येतो तो दाबाचा. पाण्याचा हिशेब आपण त्यावरून बांधतो, आणि घोळ तिथेच होतो.

धाप लागलेला रुग्ण छाती ओढून ओढून श्वास घेतो. रक्त पुरेसे असले, तरी त्या ओढीने त्याची शीर मिटते. व्हेंटिलेटरवर सगळे उलटे! यंत्र हवा आत ढकलते, त्यामुळे श्वास आत जाताना शीर फुगते. तिथे वरचा निकष लावून चालतच नाही. हृदयाची उजवी बाजू थकलेली असेल किंवा फुफ्फुसांतला रक्तदाब वाढलेला असेल, तर जुलाबांनी कोरड्या पडलेल्या माणसाचीही शीर टम्म दिसू शकते. पोटात पाणी साचून दाब वाढला असेल, तर ती नुसतीच चेपली जाते. शिवाय श्वासाबरोबर शीर बाजूला सरकते. प्रोब जागीच राहिला, तर चित्राचा छेद शिरेच्या मधून न जाता कडेने जातो आणि शीर आक्रसल्यासारखी भासते. नवशिके तर कधी कधी शेजारची महाधमनीच मोजून मोकळे होतात.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. धडधाकट माणसाचीही शीर श्वासासोबत चांगली आक्रसते. त्याला सलाइन दिले, तर हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढेलही. म्हणून काय त्याला सलाइनची गरज असते?

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. रक्तदाब कोसळलेला आहे आणि शीर बारीक, जवळजवळ मिटलेली दिसते, अशा वेळी निर्णय झटपट होतो. शीर जाड आणि निश्चल असेल, तर सलाइनची दुसरी बाटली लावण्यापूर्वी हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. मधल्या आकड्यांवर मात्र मी एकट्या शिरेच्या भरवशावर कधीच निर्णय घेत नाही. जीभ, लघवी, नाडी, रक्तातले सोडियम पाहतो. त्याच प्रोबने फुफ्फुसेही पाहतो. तिथे उभ्या पांढऱ्या रेघा वाढू लागल्या, तर फुफ्फुसांत पाणी साचत असल्याची शंका घ्यावी लागते. थोडे सलाइन देऊन पुन्हा पाहिले, तर पहिल्या चित्रापेक्षा दोन चित्रांतला फरक अधिक बोलतो.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर एक विनंती. 'आयव्हीसी 40 टक्के' असा नुसता आकडा छापू नये. रुग्ण स्वतः श्वास घेत होता की व्हेंटिलेटरवर होता, हे त्याच ओळीत द्यावे. रुग्णाच्या कागदांवर तरी ही नोंद व्हावी, असे माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे.

आपला,
अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर