तांब्या गोल दिसायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे, यंदा एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसतेय. वस्तुचित्राची प्रॅक्टिस म्हणून रोज घरी तांब्या, वाटी, कांदा असं काहीतरी मांडून काढते. रेषा छान आहे तिची पण तांब्या कागदावर चपटाच दिसायचा, कारण क्लासमध्ये सांगितलंय दोन्ही कडा काळ्या करायच्या आणि मधे बोटाने घासायचं. उजेड कुठून येतोय हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

मग आम्ही घरीच सुरुवात केली. चकचकीत तांब्यात सगळी खोली दिसते म्हणून आधी मातीचं मडकं घेतलं, ट्यूबलाईट बंद, खिडकी एकच उघडी, आणि म्हटलं पेन्सिल ठेव, नुसतं बघ. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, आई सगळ्यात काळा पट्टा कडेला नाहीचे, थोडा आत आहे! बरोबर आहे, टेबलावर पडलेला उजेड परतून मडक्याच्या अंधाऱ्या बाजूला लागतो म्हणून कड जराशी उजळते. टेबलावरची सावली पण बुडाशी गडद, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ. हे दिसलं आणि त्याच संध्याकाळी मडक्याला पोट आलं.

पेन्सिलचंही तेच. मुलं एकाच एचबीवर जोर देतात, कागद दबतो, चमकतो आणि खोडलं तरी खळगा राहतो. एचबीने हलका थर द्यायचा, वर टूबी, आणि अगदी गडद जागीच सिक्सबी. बी चा आकडा वाढतो तसं शिशात ग्राफाइट जास्त आणि माती कमी, म्हणून ती मऊ आणि काळी चालते. आणि बोट नकोच, बोटाचं तेल लागून कागदावर डाग पडतात, पेन्सिल आडवी धरून रेघांवर रेघा दिल्या की छटा आपोआप मिसळतात.

एक विनंती. तुमच्या मुलांच्या पानावर रंग भरायला चित्र देता तसा महिन्यातून एकदा एखाद्या साध्या वस्तूचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापाल का, पेरू, माठ, उशी काहीही, एका बाजूने उजेड पडलेला आणि जरा मोठा? गावाकडच्या ज्या मुलांना क्लास नाही त्यांनाही त्यावरून करता येईल. फक्त फोटो फ्लॅश मारून काढू नका, फ्लॅशने सावल्याच निघून जातात.

एक पालक, सांगली