काकू, त्या निळ्या सूटबद्दल

काकू,

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, म्हणून सूनबाईंनीच हे मोठ्याने वाचून दाखवावं, तेही मशीन बंद असताना, नाहीतर तुम्ही निम्मं ऐकणारच नाही.

पहिल्यांदा नारायण पेठेत तुमच्याकडे आले तेव्हा दहा मिनिटं नुसती फॉल-पिकोला आलेल्या साड्यांकडे बघत बसले होते, तोंडातून शब्दच फुटेना. बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेसाठी बिकिनीसारखा सूट शिवून हवा होता ना! त्याआधी लक्ष्मी रोडवर दोघा टेलरनी नाही म्हटलेलं, एकाने तर फोटो बघून फोन असा परत दिला की जसा काही चटकाच बसला. बाहेरून रेडिमेड मागवायचा तर पंधरा हजारांच्या पुढे, आणि आमच्या घरी माझ्या अंडी-चिकनच्या खर्चावरूनच रोज कुरबुर. तुम्ही फोटो बघितलात, चष्मा कपाळावर चढवलात, परत बघितलात आणि म्हणालात, "पाठ एवढी उघडी कशाला गं?" मी सांगितलं, विमेन्स फिजिक या माझ्या गटात पाठ दाखवायचीच असते, लॅट्सवर, म्हणजे पाठीच्या रुंद स्नायूंवर, पट्टी आली तर जजला दिसणार काय. "आणि खाली?" खाली मागचा निम्मा भाग तरी झाकलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा नियम आहे म्हटल्यावर तुमचा चेहरा एकदम सैल झाला, "मग नियमात बसवू की!"

नंतर सरळ विचारलंत, इंजेक्शनं घेतेस का. बाकीचे सगळे पाठीमागे बोलतात हो, तोंडावर तुम्हीच विचारलंत. नाही घेत काकू, बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉनच इतकं कमी की हे दंड यायला मला चार वर्षं लागलीत. मग मी तुम्हाला दीपिका चौधरीचे फोटो दाखवले, इथेच पुण्यात एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेत नोकरी करून बॉडीबिल्डिंगच्या फिगर गटात उतरलेली, आणि सांगितलं की बायकांची मिस ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंगची मोठी स्पर्धा 1980 साली सुरू झाली. "1980? माझं लग्नाचं वर्ष. आम्हाला कुणी बोललंच नाही!" यावर मी घरी जाईपर्यंत हसत होते.

लायक्रा तुम्ही आयुष्यात शिवलं नव्हतं. साध्या मशीनची सरळ टीप कापड ताणलं की तटकन तुटायची, तीन नमुने वाया गेले, मग चौथा तुम्ही पिकोच्या मशीनवर झिगझॅग मारून शिवलात आणि मला म्हणालात, बस खाली, ऊठ, वाक. टिकला! खडे रविवार पेठेतून आणून तुम्ही आणि सूनबाईंनी रात्री बसून चिकटवले. आणि शिवणीत भरपूर माया सोडलीत. मी वैतागले होते, आतून जाड होतंय म्हणून, मी तर अजून बारीक होणार, माया कशाला? तुम्ही म्हणालात, "असू दे. अंगाचा काय भरवसा."

पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते, तुम्ही कमरेला टेप लावलात आणि टेप तशीच हातात धरून हळूच विचारलंत, पाळी येते का गं वेळेवर? चार महिने आली नव्हती काकू. कोचला माहीत नव्हतं (बावीस वर्षांचा पोरगा, त्याला काय सांगणार, आणि त्यानेही कधी विचारलं नाही, हे मात्र मला अजून टोचतं), नवऱ्याला वाटलं टेन्शन असेल, आणि मला तर खरं सांगू, बरंच वाटत होतं, कटकट गेली म्हणून. तुम्ही म्हणालात, आधी डॉक्टर, मग खडे, आणि सूट कपाटात ठेवून कुलूप लावलंत. मी तुमच्यावर चिडून जिना उतरले होते.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. व्यायामाच्या मानाने खाणं फारच कमी पडलं की शरीर हे दुकान बंद करतं, इस्ट्रोजेन घसरतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मार्चची स्पर्धा सोडली, भात परत सुरू केला, तूपसुद्धा. चार किलो वाढले, तुम्ही एक शब्द न बोलता माया उसवून सूट सैल करून दिलात, आणि पाळी सुरू झाल्यावर सावकाश डाएट करत नोव्हेंबरला उतरले तेव्हा परत आवळून दिलात. या सगळ्याची शिलाई घेतलीत साडेचारशे. अस्तराच्या ब्लाउजची घेता तेवढीच.

पिंपरीच्या त्या हॉलमध्ये तुम्ही दोघी पहिल्या रांगेत होतात. मी लाइटमध्ये पांढरी पडू नये म्हणून टॅन फासून काळीकुळकुळीत, अनवाणी, दोन्ही दंड दाखवायच्या डबल बायसेप्स पोजला मुठी न आवळता बोटं उघडी ठेवायची हे मनात घोकतेय, आणि तुमचा आवाज आला, "हात वर, हात वर!" सात जणींत पाचवी आले. खाली आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात, "डाव्या बाजूचा एक खडा पडलाय."

सापडला तो, बॅगेत होता. गुरुवारी घेऊन येते. सोबत भाचीच्या लग्नाचा ब्लाउजही आणतेय, बाही दंडात अडकतेय, किती सोडता येते बघा.

तुमची,
निळ्या सूटवाली