पंधराव्या वर्षी अमेरिकेत गेलेल्या मुलांची शाळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सहा-सात वर्षांचे मूल अमेरिकेत गेले तर तिथली शाळा त्याच्या अंगवळणी पडते. पंधरा-सोळाव्या वर्षी, मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाचे तसे होत नाही. अशा मुलांसाठी तिथे वेगळी सरकारी हायस्कूल आहेत, पण आपल्या पालकांना त्यांची फारशी माहिती नसते.

अशा शाळांपैकी बहुचर्चित शाळा 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात निघाली. त्याच धर्तीवर पुढे न्यूयॉर्कमध्ये आणि कॅलिफोर्नियात ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को इथे शाळा झाल्या. न्यूयॉर्कमधल्या या शाळांत देशात येऊन चार वर्षांहून अधिक काळ न झालेल्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना प्रवेश मिळतो.

आधी इंग्रजी शिकवू, मग विषय, हा विचार या शाळांनी सोडून दिला, आणि ते योग्यच केले. कॅनडाचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की रोजच्या बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकातली, उत्तरपत्रिकेतली भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. सोळा वर्षांच्या मुलाला तितके थांबवले तर हायस्कूलच संपते. म्हणून इथे जीवशास्त्राचा शिक्षक इंग्रजीचाही शिक्षक असतो. एका टेबलावर नुकताच आलेला मुलगा आणि दोन वर्षे झालेली मुलगी एकच प्रयोग करतात. आधी आपापल्या भाषेत चर्चा, मग आकृतीला नावे, मग अर्धवट दिलेली वाक्ये पूर्ण करणे आणि शेवटी स्वतःचा परिच्छेद. टेबलावर सगळेच एका भाषेचे बसवले तर इंग्रजी बोलण्याची गरजच उरत नाही. आणि आपल्या भाषेचे कोणीच नसेल तर नवखा मुलगा गप्प बसतो. ही बसण्याची आखणी चुकली की साधने कितीही चांगली असोत, तास वाया जातो. प्राथमिकची सोपी पुस्तके हाती देणे हा तर मोठाच घात. मूल खूश दिसते, पण बीजगणित, विज्ञान मागे पडते आणि क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, जमत नाहीत.

क्रेडिटचा हिशेब पालकांनी नीट समजून घ्यावा. न्यूयॉर्कमध्ये हायस्कूलच्या पदविकेसाठी (शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी) 44 क्रेडिट लागतात आणि तिथले हायस्कूल नववीपासून सुरू होते. आपल्याकडचे लोक दहावीची गुणपत्रिका जपून नेतात आणि नववीची घरीच राहते. मग वर्षभराचा अभ्यास पुन्हा करावा लागू शकतो. दोन्ही न्या, इंग्रजी भाषांतरासह. मराठी विषयाचे क्रेडिटही मागून पाहावे. लसीकरणाची नोंद सोबत हवीच.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरायचा असतो. मूल मागे टाकले जाईल या भीतीने काही पालक तिथे फक्त ‘इंग्रजी’ लिहितात. असे अजिबात करू नये. त्या फॉर्मवरूनच पुढची मुलाखत आणि चाचणी होते आणि त्यावरून मदत ठरते. ही मदत म्हणजे मेहेरबानी नव्हे: भाषा न कळणाऱ्या मुलांना नुसते वर्गात बसवणे म्हणजे समान शिक्षण नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितले. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही मोफत सरकारी शाळेतून वगळता येत नाही, हे 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने ठरले.

माझी खरी तक्रार शाळा मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नववीत आल्यापासून चार वर्षांत किती मुले उत्तीर्ण झाली, हा आकडा सगळीकडे पुढे केला जातो. सतराव्या वर्षी, मधली दोन वर्षे शाळा बुडवून आलेल्या मुलाला चार वर्षे पुरत नाहीत, आणि त्याचा तोटा शाळेच्या खात्यात पडतो. पाच-सहा वर्षांचा निकालही मोजायला केंद्राचा कायदा राज्यांना मुभा देतो; तो आकडाही तितक्याच ठळकपणे छापला पाहिजे. नाहीतर शाळा अशा मोठ्या मुलांना प्रवेश देताना कचरतात, किंवा ‘तू समकक्ष परीक्षा दे’ (शाळा सोडून पदविकेऐवजी द्यायची परीक्षा) असे सुचवतात. न्यूयॉर्कमध्ये पदविका न मिळालेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत शिकण्याचा हक्क आहे. कोणी असा सल्ला दिला तर पालकांनी तो लेखी मागावा आणि मुलाचे नाव शाळेतून काढू देऊ नये.

आपली,
एक शिक्षिका, न्यूयॉर्क