रंधा मशीन भंगारात जाऊ न देणाऱ्या काकांना

ती. स्व. फिटरकाकांस,
साष्टांग नमस्कार.

22 जुलै 2021 चा पूर चिपळुणात कोणी विसरलेलं नाही. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर मी माझ्या सुतारकामाच्या कारखान्याचं शटर उघडलं, तर रंधा मशीन, कटर, दोन हँड ड्रिल, ग्राइंडर सगळं गाळाखाली. शेजाऱ्याचा जनरेटर मिळाला म्हणून ड्रिल चालते का बघायला मी प्लग हातात घेतला आणि तुम्ही दारातूनच ओरडलात, "अरे थांब! मोटर जळेल आणि तुलाही शॉक बसेल." ओळख फक्त येता-जाता नमस्कार करण्यापुरती होती. तरी त्या दिवसापासून बारा दिवस तुम्ही माझ्या कारखान्यात राबलात. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते कोकणातल्या प्रत्येक सुताराच्या कामाचं आहे.

पहिलंच काम तुम्ही सांगितलंत ते मला उलटं वाटलं होतं. भिजलेल्या मशीनवर परत पाणी ओतायचं! पण तुमचं म्हणणं साधं होतं. पाण्यात बुडालेलं लोखंड सावकाश गंजतं. खरा गंज चढतो तो पाणी उतरल्यावर, ओला गाळ अंगाला चिकटलेला आणि वर मोकळी हवा असते तेव्हा. म्हणून पागोळ्यांखाली पिंपं लावली, त्या पाण्याने एकेक भाग धुतला, फडक्याने पुसून लगेच रॉकेलचा हात दिला. ज्यांनी गाळ सुकू दिला त्यांच्या मशीनवर आठवड्यात पापुद्रे सुटले, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मोटरचं काम वेगळं. दोन्ही बाजूची झाकणं काढून तुम्ही वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, स्वच्छ पाण्याने धुतलंत आणि वीज आल्यावर प्लायच्या खोक्यात 100 वॉटचे दोन बल्ब लावून तीन दिवस सुकवलंत. मेगर, म्हणजे तारेवरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, त्यावर आकडा 1 मेगाओहमच्या वर नीट स्थिर होईपर्यंत सप्लाय द्यायचा नाही, यावर तुम्ही अडून बसलात. बेअरिंगं मी धुऊन परत बसवणार होतो. तुम्ही एक माझ्या कानाजवळ धरून फिरवलंत. आत बारीक वाळूची खरखर ऐकू आली, आणि सगळी नवीन घेतली.

रंध्याच्या बेडावर, म्हणजे फळी सरकते त्या सपाट लोखंडी पाटावर, तोवर लाल थर आलाच होता. मला घाई, मी ग्राइंडरला घासायची फ्लॅप डिस्क लावली. तुम्ही ती काढून घेतलीत. बेड एकदा खोलगट झालं की फळी कधी सरळ निघणार नाही. मग सागाच्या ठोकळ्याला 320 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, रॉकेल टाकत, दोन दिवस आपण आळीपाळीने घासलं. लाल गेलं, खाली करडं-काळं राहिलं. ते राहू दे म्हणालात, लाल तेवढा शत्रू.

नट-बोल्टचे पाने, व्हाइसचे जबडे, कटरचं गाईड यांच्यासाठी टबात धुण्याचा सोडा कालवला, टेम्पोची 12 व्होल्टची बॅटरी लावली. गंजका भाग निगेटिव्हला, भंगारातली सळई पॉझिटिव्हला. बुडबुडे आले, सकाळपर्यंत गंज काळ्या चिखलासारखा ब्रशने निघून आला. ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून टब अंगणात, जवळ बिडीसुद्धा नाही. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. ड्रिलचं ॲल्युमिनियमचं झाकण सोड्यात घालायचं नाही, सोडा ते खातो. हे तुम्ही तेव्हा सांगितलं नसतं तर मला कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून संध्याकाळी भुसा झाडल्याशिवाय शटर ओढत नाही. भुसा दमट हवेतलं पाणी धरून ठेवतो. ऐनाची ओली फळी बेडावर रात्रभर पडली तर सकाळी तिथे काळा डाग असतो, लाकडावरही आणि लोखंडावरही. मे संपायच्या आत बेड पुसून मेण चोळतो. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश वापरत नाही, ते लाकडाला लागलं की पॉलिश धरत नाही. हत्यारांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब जळतो. लोखंड हवेपेक्षा जरा उबदार राहिलं की त्यावर दव धरत नाही, एवढंच त्याचं काम.

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. मशीन भंगारात गेलं असतं तर नवं घ्यायची ताकद त्या वर्षी माझ्यात नव्हती, दोन पोरांचे पगार त्याच मशीनवर होते. दोघं अजून माझ्याकडेच आहेत. बेडाच्या उजव्या कोपऱ्यात गंजाने पडलेल्या तीन खळ्या आहेत, हाताला लागतात. धाकटा पोरगा विचारतो तेव्हा तुमचंच नाव सांगतो.

तुमचा बेअरिंग पुलर माझ्याकडे राहिलाय. तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. गणपतीत घरी येतो तेव्हा आणतो.

आपला,
बाजारपेठेतला सुतार