दापोलीच्या घड्याळवाल्या काकांना

स. न. वि. वि.

काका, गेल्या मे महिन्यात भर दुपारी गाडीचा भोंगा वाजवून निम्मी बाजारपेठ गोळा करणारी पुण्याची बाई आठवतेय? ती मी. त्या दिवशी घाईत नुसतं 'थँक्यू हं काका' म्हणून निघाले, आणि ताम्हिणी घाट चढेपर्यंत आई मला तेच ऐकवत होती, की माणसाला धड नमस्कारसुद्धा केला नाहीस. म्हणून हे पत्र. तुम्ही मोबाइल फक्त फोनपुरता वापरता हे तुम्हीच सांगितलं होतं, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्या मुलाच्या नजरेस हे पडेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवील असा माझा हिशेब आहे.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं ते मी तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. थोडी लाज वाटत होती. गाडीच्या डॅशबोर्डवर 'चावीची बॅटरी कमी' असा संदेश महिनाभर येत होता. मी तो पेट्रोलच्या काट्यासारखा 'बघू पुढे' म्हणून सोडून देत होते. आदल्या संध्याकाळी कर्द्याच्या किनाऱ्यावर चार वर्षांचा मुलगा लाटेत धावला, त्याच्यामागे मी कमरेइतक्या पाण्यात, आणि चावी माझ्या जीन्सच्या खिशात. रात्री टॉवेलने पुसून ठेवली. सकाळी तिसऱ्यांदा दाबल्यावर दार उघडलं, तरी मला काही सुचलं नाही. हर्णै बंदरावर जाऊन सुरमई घेतली, बर्फाच्या डब्यात घालून डिकीत ठेवली. शेजारी आंब्याची पेटी. आंब्याला मासळीचा वास लागेल म्हणून आई कुरकुरली, तिकडेही लक्ष दिलं नाही.

दापोलीत आंबापोळी आणि कोकम घ्यायला थांबलो. पाऊण तासाने परत आलो तर बटण दाबून काही नाही. हँडलला हात लावून काही नाही. आत आईच्या गोळ्या, मागे वितळणारा बर्फ, वर मे महिन्याचं ऊन.

मग सुरू झाले सल्ले. एकाने काचेच्या फटीतून पट्टी घालून उघडून देतो म्हटलं. दुसरा म्हणाला, वर मोबाइलचा टॉवर आहे, त्याने सिग्नल मारला. गाडी ढकलून लांब न्या. बंद गाडी, हँडब्रेक लावलेला, ढकलणार कशी हे त्याने सांगितलं नाही. (टॉवरची शंका अगदीच खुळी नव्हती म्हणा, जवळ मोठा ट्रान्समीटर असला तर चाव्या अडखळतात.) तिसऱ्याने माझ्या हातातून चावी घेतली, मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरला, बटण दाबलं आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने जाहीर केलं, 'लाइट दिसत नाही, रिमोट गेला.' ही युक्ती टीव्हीच्या रिमोटची. तो अवरक्त किरण सोडतो आणि कॅमेऱ्याला ते दिसतात. गाडीची चावी रेडिओ लहरींवर बोलते, आपल्याकडे बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झच्या आसपास. कॅमेऱ्याला त्यात काय दिसणार? पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी मान डोलावली.

मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. गाडी टो करून वर्कशॉपला न्यावी लागेल, नवी चावी मागवून प्रोग्राम करावी लागेल, खर्च पाच आकडी, वेळ आठ-दहा दिवस. दुसरी चावी आहे का, असं त्याने विचारलं. होती ना, कोथरूडला, कपाटात.

मधल्या काळात मी एका जनरल स्टोअरमधून सेल आणून घातलाही होता. दुकानदार म्हणाला, सगळे सारखेच असतात. घातला, दाबलं, काही नाही. तेव्हा मात्र माझी खात्री पटली की चावी मेली. आणि तिथेच आईला तुमची पाटी दिसली, 'घड्याळाचे सेल बदलून मिळतील'. मी म्हटलं, आई, हे मनगटी घड्याळ नाहीये. आई म्हणाली, सेल तो सेल.

तुम्ही डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं घातलं होतं. मी घडाघडा सगळं सांगितलं. तुम्ही वर न बघता हात पुढे केलात, चावी घेतलीत, नखाने झाकण उघडलंत आणि सेल दोन बोटांत फिरवलात. वाचलासुद्धा नाहीत.

'हा पंचवीस आहे. तुम्हाला बत्तीस लागतो.'

सेलवर लिहिलेला आकडा म्हणजे त्याचं माप, हे वयाच्या चाळिसाव्या वर्षी मला तुमच्याकडून कळलं. सीआर 2032 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. सीआर 2025 चा व्यास तेवढाच, जाडी 2.5. वरून बघितलं तर जुळी भावंडं. व्होल्टही तेच, तीन. पण चावीतल्या खाचेत तो सात दशांश मिलिमीटरने सैल बसतो आणि वीज घेणाऱ्या धातूच्या पत्रीला टेकतच नाही.

मला वाटलं, आता तुम्ही बत्तीस काढून घालणार. तुम्ही विचारलंत, 'गाडीत काय आहे?' मी म्हटलं, सुरमई. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही भिंग काढून माझ्याकडे बघितलंत. 'मग आधी दार उघडू. हे नंतर.' चावीच्या कडेचा छोटासा खटका दाबून तुम्ही आतून एक लोखंडी चावी ओढून बाहेर काढलीत. काका, ती चावी तीन वर्षं माझ्या खिशात होती. मला माहीत नव्हती. त्या गोड बोलणाऱ्या मुलालाही आठवली नाही.

दुकान तसंच उघडं टाकून तुम्ही आमच्याबरोबर आलात. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाचं झाकण टोकदार पातं घालून काढलंत, त्यामागे भोक. 'भोंगा वाजेल, घाबरू नका,' असं म्हणेपर्यंत दार उघडलं आणि भोंगा वाजलाच. चोरी होतेय असं वाटून लोक धावले, पोराने रडायला सुरुवात केली, आई कानावर हात ठेवून देवाचं नाव घेत होती. तुम्ही शांतपणे मला सांगितलंत, ब्रेकवर पाय ठेवा आणि सुरू करायच्या बटणाला ही मेलेली चावीच टेकवून दाबा. गाडी सुरू. भोंगा बंद.

मी जादू बघितल्यासारखं तोंड केलं असणार, कारण तुम्ही जरा वैतागूनच समजावलंत. चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणामागच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते, फक्त अगदी जवळ न्यावी लागते. सेल लागतो तो लांबून बोलायला. 'दार उघडायला सेल, गाडी चालू करायला चिप. दोन वेगळी खाती आहेत.' हे सगळं सांगून वर म्हणालात, 'मला स्वतःला गाडी येत नाही. लोक चाव्या घेऊन येतात म्हणून शिकलो.'

इंजिन चालू, एसी चालू, सुरमई मागच्या सीटवर आईच्या पायाशी, आणि चावी सापडत नाही म्हणून गाडी मधूनमधून टुणटुण करतेय. अशा थाटात आम्ही रस्त्याकडेला, आणि मी तुमच्या काउंटरवर.

तुम्ही चावीतला मूळचा जुना सेल मीटरवर धरलात, 2.4 व्होल्ट. नवा बत्तीस धरलात, 3.2 व्होल्ट. पावणेतीनच्या खाली गेला की चावी कटकट करते, म्हणालात, आणि कधी नुसता मोजला तर ठीक दाखवतो, पण बटण दाबलं की बसतो. बत्तीस घातलात. चावीवरचा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. मी म्हटलं, झालं, आता खरंच पाच आकडी. तुम्ही एकच प्रश्न विचारलात. 'समुद्रात गेला होता?'

कबूल केलं.

पुढची वीस मिनिटं मी तुमचे हात बघत होते. चावीच्या आतली सर्किटची प्लेट बाहेर काढून तुम्ही मला भिंगातून दाखवलीत. पत्रीच्या मुळाशी पांढरट-हिरवा थर, पापडखारासारखा फुगलेला. टॉवेलने पाणी पुसलं जातं, मीठ तिथेच राहतं आणि हवेतला ओलावा ओढत पत्री खात बसतं. स्पिरिटमध्ये बुडवलेला जुना दात घासायचा ब्रश, मग पेन्सिलीच्या मागचं खोडरबर कापून टोकदार केलेलं, मग ती रबरी फुंकणी. पत्री चिमट्याने केसभर वर उचललीत. सेल मात्र प्लॅस्टिकच्या चिमट्याने. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू धरल्या तर सेल तिथेच शॉर्ट होतो म्हणालात.

आणि मध्येच तुम्ही ओरडलात. माझ्या मुलाने काउंटरवरचा जुना सेल उचलला होता. तुम्ही तो त्याच्या मुठीतून अक्षरशः हिसकावलात आणि डब्यात टाकून झाकण लावलंत. मला राग आला होता, खरं सांगते. नंतर वाचलं, की असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, मेलेल्या वाटणाऱ्या सेलमध्येही तेवढी ताकद शिल्लक असते. त्या ओरडण्याबद्दल वेगळे आभार, काका. बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त.

चावी बंद केलीत, रस्त्यापलीकडे रोखलीत, दाबलीत. इंजिन चालू असताना दार तिला दाद देईना म्हणून मला गाडी बंद करायला पाठवलंत. माझा पाय अडखळत होता, परत सुरू नाही झाली तर? पुन्हा दाबलंत. दोन्ही पिवळे दिवे दोनदा लुकलुकले. आईने टाळ्या वाजवल्या.

लगेच सोडलं नाहीत. चावी माझ्या हातात देऊन तीनदा उघडायला आणि बंद करायला लावलीत, अधिकची बाजू कुठे ते विचारलंत, एकदा मी उलटा सेल घातला तर नुसते बघत राहिलात. मग बिल. सेलचे साठ, सफाईचे चाळीस. मी पाचशेची नोट ठेवून 'राहू दे' म्हटलं, तर तुम्ही चारशे मोजून परत दिलेत आणि म्हणालात, 'घरची दुसरी चावीपण बघा. ती पडून पडून मेली असेल.' तेव्हा सव्वादोन वाजले होते. मागच्या खुर्चीवर तुमचा डबा बांधलेलाच होता.

दुसरी चावी मेलेलीच निघाली. माप बघून सेल आणला, बत्तीसच. मग आमच्या सोसायटीच्या तळघरात रात्री अकरा वाजता एक शेजारी अडकले होते, त्यांच्या चावीतली लोखंडी चावी मी काढून दिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव होते जे दापोलीत माझ्या चेहऱ्यावर असणार. त्यांना दाखवायला माझी चावी उघडली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक कोरलेलं दिसलं, महिना, वर्ष आणि एक छोटी खूण. घड्याळाच्या मागच्या झाकणात तुम्ही लोक कोरता तशी. तुम्ही हे कधी केलंत, मी समोर बसून मला दिसलं नाही. दुसऱ्या चावीत मी सुईने तारीख कोरलीये. पाचाचा आकडा वाकडा आलाय.

सुरमई चांगली होती. आंब्याला वास लागला होता.

पुढच्या महिन्यात परत येतोय. बाबांचं जुनं एचएमटी बंद पडलंय, ते आणते. सेलचं नाही, चावीचं आहे. एकच्या आत पोचेन, तुमचा डबा या वेळी थांबणार नाही.

आपली,
सुरमईवाली